धोंड्याच्या वाणाला कार्बनची चाकं

आमच्या जावयाने धोंड्याच्या महिन्यात मला सायकलची चाकं मागितली. अंगठी नाही, कपडे नाहीत, चांदीचं ताट नाही. चाकं. तीही लोखंडाची नाहीत, अल्युमिनियमची नाहीत, तर कार्बनची. हे कार्बन म्हणजे काय, तर काळं कापड आणि डिंक. कापडाला डिंक चोपडायचा, साच्यात घालून भाजायचं आणि त्याला चाक म्हणायचं. मी उभं आयुष्य चाकं बांधली, पण कापडाच्या चाकावर माणूस बसवायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. दर तीन वर्षांनी येतो. तेव्हा लेकीला आणि जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे आणि जावयाला वाण द्यायचं. वाण म्हणजे मानाची भेट. जावयाने मागितलं आणि सासऱ्याने दिलं नाही, तर जावयाचं काही बिघडत नाही. बोलणी लेकीला बसतात, पुढचा धोंडा येईपर्यंत.

माझं दुकान मंचरला, घर अवसरी बुद्रुकला. शाळा मी तिसरीत सोडली. गुरुजींचं आणि माझं पटलं नाही, आणि त्यात चूक गुरुजींची होती. नव्वदच्या सुमाराला माझ्या दुकानात भाड्याच्या सायकली रांगेने उभ्या असायच्या. कॉलेजची पोरं न्यायची आणि चाकाचं अळूवडीसारखं गुंडाळं करून आणायची. वर म्हणायची, “आधीपासून असंच व्हतं.” दुधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवून यायचे, त्यांच्या चाकांचा आऊट काढून काढून माझी बोटं वाकडी झाली. आऊट काढणं म्हणजे डगमगणारं चाक तारा आवळून सरळ करणं. मी बांधलेलं चाक कॅनसकट खड्ड्यात आपटलं तरी सरळ राहायचं. मग घरोघरी मोटरसायकली आल्या. दुधवाले हॉर्न वाजवत माझ्या दुकानावरून जायला लागले. एकानेही कधी थांबून रामराम केला नाही.

दोन हजार सालानंतर सायकली परत आल्या, पण त्या पुण्याहून. हायवेने रविवारी सकाळी टोळक्याने यायच्या. वर बसलेले लोक साठीचे असोत की तिशीचे, सगळ्यांच्या चड्डीत गादी शिवलेली. डोक्यावर टोपलं, डोळ्यांवर माशीसारखा चष्मा. माझ्या दुकानापाशी थांबायचे ते हवा भरायला. पंप मागायचे आणि नळी हातात घेतल्यावर म्हणायचे, “काका, हा आमच्या व्हॉल्व्हला बसत नाही.” बसत नाही तर हात कशाला लावता?

त्यातलाच एक माझ्या लेकीच्या नशिबी आला. तसा घराण्याने बरा. मूळ गाव बोरी बुद्रुक, आई-वडील तिथंच, हा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. लग्नात मला वाटलं, शिकलेला आहे, लेक सुखात राहील. सायकलीचं तेव्हा काही निघालं नव्हतं.

धोंड्याच्या महिनाभर आधी तो आपली सायकल गाडीच्या टपावर बांधून आमच्याकडं घेऊन आला आणि ओट्याला टेकवून ठेवली, नवी चाकं बसेपर्यंत इथंच राहू दे म्हणून.

“मामा, तुम्ही चाकातले माणूस,” तो म्हणाला. “तुमच्याकडून दुसरं काय मागणार?”

“लोखंडाची देतो बांधून. तुमच्या नातवाला पुरतील.”

“कार्बनची हवीत. जवळजवळ अर्धा किलो वजन वाचतं.”

“वाचवून कुठं ठेवायचं?”

“तसं नाही हो मामा. चढाला फरक पडतो.”

“आन् उताराला?”

त्याने चहाबरोबर आणखी एक पुरणपोळी मागून घेतली. चाकात वाचवायचं ते वजन त्याने माझ्या डोळ्यांदेखत तुपासकट पोटात घातलं. मग सांगितलं की वाण घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचे मित्र पुण्याहून येणार, सगळे मिळून जुन्नरवरून लेण्याद्रीला जाणार आणि तिथून माळशेज घाट उतरणार.

इथं मी चहा खाली ठेवला. या सायकलींचा ब्रेक चाकाच्या कडेवरच लागतो. दोन रबरी गुटके दोन्हीकडून कड चिमटतात. लांब उतारावर गुटके घासून घासून कड तापते. लोखंड तापलं तर तापलं, त्याला काय. पण डिंक तापला की मऊ पडतो. आत टायरची हवा बाहेर रेटतच असते. कड मऊ झाली की ती फाकते आणि टायर फटकन सुटतो. माळशेजला एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिथं टायर सुटलेला माणूस शोधायला दोर लागतात. आणि तो माणूस माझ्या लेकीचा नवरा.

चाकं दिली नाहीत तर लेकीने ऐकून घ्यायचं. वाईट दिली तर त्याहून वाईट. म्हणून मी ठरवलं, द्यायची, पण आधी जाळून बघायची.

पहिलं चाक मी मंचरच्या बाजारपेठेतल्या एका शेठकडून आणलं. हार्डवेअरचं मोठं दुकान. मूळचे राजस्थानातले जैन, पण पिढ्या इथंच गेल्या. शेठची मराठी माझ्यापेक्षा साफ आहे आणि जीभ माझ्याइतकीच खराब. त्याचा भाचा चीनवरून काय काय मागवायचा, त्यात ही चाकं आली होती. माझ्या ऐपतीत सहज बसणारी तेवढीच होती.

“मिस्त्री, उचलून बघा,” शेठ म्हणाला. “फुंकर मारली तर उडेल.”

“घाटात वारं लई असतं, शेठ.”

“तुम्हाला माल दाखवायचा म्हणजे सासूला साडी दाखवायची.”

“ग्यारंटी काय?”

“चाक फिरेल, त्याची ग्यारंटी.”

“आन् थांबंल त्याची?”

“ते ब्रेकवाल्याला विचारा.”

तरी मागचं एक चाक त्याने तपासायला दिलं. बिघडलं तर बिघडलं म्हणाला. त्याला वाटलं, मी हातात धरून टिचक्या मारीन आणि परत आणून देईन.

दुसरं आणि तिसरं चाक पुण्याच्या एका दुकानातून आणलं. तिथं सायकली भिंतीवर टांगलेल्या होत्या, देवासारख्या. दुकानातला पोरगा माझ्या चपलांकडं बघून बोलायला लागला.

“काका, हे एरो आहे. हवा कापतं.”

“आमच्या शेतातली हवा तुमच्या कारखान्यानं कवा बघितली?”

तो हसला नाही. एक पुरं कार्बनचं चाक दाखवलं, शेठच्या मालापेक्षा चढं, पण ओढाताण केली तर मला परवडलं असतं. मग मी कोपऱ्यातलं एक चाक काढायला लावलं. त्याची कड अल्युमिनियमची, पांढरी, आणि त्यावर काळं कार्बन नुसतं टोपीसारखं चिकटवलेलं. पोरगा म्हणाला, “ते जड आहे, काका. शिकाऊ लोकांसाठी. खरं कार्बन नाही ते.” शिकाऊ लोक! घाटाला काय ठाऊक, वरचा माणूस शिकाऊ आहे का शिकलेला?

एक परत करायच्या बोलीवर दोन्ही मागची चाकं घेतली आणि मांडीवर ठेवून मी एसटीने अवसरीला आलो. कंडक्टरने विचारलं, “आज्जा, ह्ये काय, पंख्याची पाती?” मी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना उत्तरं देत बसलो असतो तर मी मास्तर झालो असतो.

आमच्या गोठ्यात वैरण कापायच्या कडबाकुट्टीची मोटर आहे. जावयाची सायकल मी उलटी करून मोटरशेजारी बांधली आणि मागचा टायर मोटरच्या पुलीला टेकवला. मोटर चालू केली की चाक पळणार, आणि ब्रेक दाबला की मोटर रेटत राहणार, ब्रेक धरत राहणार. घाटात माणसाचं वजन रेटतं, इथं मोटर रेटेल. ब्रेक दाबायला मी बायकोला बसवली. मोटर मला सांभाळायची होती. त्या काळात लाईट कधी येई, कधी जाई. त्या आठवड्यात ती दुपारची यायची, म्हणून जेवण उरकून आम्ही गोठ्यात.

पहिलं शेठचं चाक. मोटर चालू केली. चाक सुरेख पळत होतं, हे मी कबूल करतो. बायकोने ब्रेक आवळला. गुटके किंचाळायला लागले. थोड्या वेळाने वास आला, बांगडीची लाख चुलीत पडल्यावर येतो तसा.

“आवं, जळतंय!” ती ओरडली.

“जळू दे. सोडू नगंस.”

“हात दुखतोय माजा!”

“घाटात तुझ्या जावयाचा दुखणार न्हाई का?”

तेवढ्यात कड पुरीसारखी फुगली आणि बंदुकीचा बार व्हावा तसा टायर फुटला. म्हशीने दावं तोडलं. बायको ब्रेक सोडून थेट अंगणात. तिथून तिने मला जे ऐकवलं ते लिहिता येण्यासारखं नाही. एवढं लिहितो की त्यात माझ्या आईबापांचाही उल्लेख होता.

फुटलेलं चाक मी शेठच्या गल्ल्यापुढं नेऊन ठेवलं. त्याने ते उलटंपालटं करून बघितलं.

“कडबाकुट्टीवर लावलं?” त्याने विचारलं.

“लावलं.”

“मिस्त्री, माणूस घाट उतरतो तेव्हा त्याला वारा लागतो. वारा चाक गार करतो. गोठ्यात कुठला वारा? असं तापवलं तर तुम्ही पण फुटाल, राव.”

यात तथ्य असेल किंवा नसेल. मी वाऱ्याच्या भरवशावर लेक दिलेली नाही. मी त्याला म्हटलं, “मग तुमी उतरा माळशेज याच्यावर, वाऱ्याला संगं घिऊन.” शेठ म्हणाला, माझी जागा गल्ल्यावर आहे. बरोबर आहे. विकणाऱ्याची जागा गल्ल्यावरच असते.

दुसऱ्या दिवशी पुण्याचं पुरं कार्बनचं चाक लावलं. बायको यायला तयार नव्हती. मग मी ब्रेकच्या दांडीला लांब दोरी बांधली आणि ती दाराबाहेर उभी राहून दोरी ओढायला लागली. हे चाक फुटलं नाही. पण वास आलाच. मोटर बंद करून मी कडेवर नख दाबलं तर नखाची खूण उठली. गार झाल्यावर पुन्हा कडक. दुकानातला पोरगा म्हणाला असता, टिकलं की. मी म्हणतो, आज टिकलं. ज्या चाकावर नख उमटतं त्यावर मी माणूस बसवत नाही.

शेवटी ते जड, शिकाऊ लोकांचं. पांढरी पट्टी इतकी तापली की पाण्याचा थेंब चरचरून उडाला, पण नख उमटलं नाही, वास नाही, आवाज नाही. पुन्हा एकदा लावलं, लाईट जाईपर्यंत चालवलं. पट्टी जशीच्या तशी. मला कुणी विचारलं की मोटरची ताकद किती आणि घाटातलं वजन किती, तर सांगता येणार नाही. सांगायची मला गरजही वाटली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला जाऊन पुरं कार्बनचं परत दिलं, जड चाकाच्या जोडीचं पुढचं चाक घेऊन आलो आणि दोन्ही चाकांच्या तारा माझ्या हाताने पुन्हा आवळल्या, कारण कारखान्यात आवळलेल्या तारांवर माझा विश्वास नाही.

वाणाच्या दिवशी बोरीहून व्याही, विहीणबाई, आणि पुण्याहून लेक-जावई आले. जेवणं झाली. जावयाला पाटावर बसवलं. तबकात अनारसे, दिवा, आणि शेजारी घोंगडीवर दोन्ही चाकं.

जावयाने चाक उचललं. पट्टीवरून बोट फिरवलं आणि त्याचं तोंड पडलं.

“मामा, हे फुल कार्बन नाही.”

“न्हाई.”

“म्हणजे… ग्रुपमध्ये सगळे फुल कार्बनवाले आहेत.”

व्याही पानाला चुना लावत होते. ते न बघताच म्हणाले, “पावणं, पोरानं एक मागितलं आन् तुमी दुसरंच दिलं. हात आखडला वाटतं.”

माझी लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान खाली घातली. मी व्याह्यांना गोठ्यातलं सगळं सांगितलं असतं, पण ज्याने आयुष्यात चाकाची तार आवळली नाही त्याच्यापुढं मी हिशेब मांडत नाही. मी एवढंच म्हणालो, “मला जी खात्रीची वाटली ती दिली.”

“खात्री!” व्याही म्हणाले. “आवं, कारखानदार येडं हायेत का?”

तेवढ्यात विहीणबाई उठल्या. म्हणाल्या, असू द्या, दिलंय ते दिलंय, अधिकात नवी वस्तू आली, कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही. त्या तबक घेऊन चाकापाशी बसल्या. काळ्या कार्बनवर कुंकू लावलं तर दिसेना. कोरडं टिकेना, पाण्यातलं ओघळायला लागलं. मग त्यांनी निरांजनातलं तूप बोटावर घेतलं, त्यात कुंकू कालवलं आणि जिथं उठून दिसेल तिथं, म्हणजे पांढऱ्या पट्टीवर, गोल फिरवत फिरवत बोटं ओढली. दोन्ही बाजूंनी. दोन्ही चाकांना. मधून स्वस्तिकं.

ज्या पट्टीवर ब्रेक लागतो, ती पट्टी तुपात घोळली.

“विहीणबाई,” मी म्हणालो, “तिथं नगं. ब्रेक घसरंल. पुसावं लागंल ते.”

त्यांचा हात थांबला. “वाण पुसायचं?”

“पट्टी पुसायची.”

“महिना सरंस्तोवर कुंकवाला हात लावायचा न्हाई. अधिक हाय.”

मी जावयाकडं बघितलं. हा शिकलेला माणूस. हवा कशी कापायची ते ज्याला ठाऊक, त्याला तूप घसरतं हे ठाऊक नसेल का? ठाऊक होतं. तोंडावर दिसत होतं. पण समोर आई होती.

“राहू द्या मामा,” तो म्हणाला. “एवढ्याने काय होतंय. मी हळू उतरेन.”

“हळू उतरायला ब्रेक लागतो!”

व्याही उठून उभे राहिले. “पावणं, आधी हलका माल दिला, आता कुंकू पुसाया निघाला. जमत नसंल तर ठेवा तुमची चाकं.”

“ठेवतो की,” मी म्हणालो आणि दोन्ही चाकांवर हात ठेवले, तूप लागलं तरी. मी हललो नसतो. त्यांनी पोलीस बोलावले असते तरी हललो नसतो. आणि मग काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. व्याही उपाशी नाही, पण रुसून गेले असते, आणि जावई आपल्या त्या चड्डीवाल्यांकडून दुसरी चाकं मिळवून घाट उतरला असता.

तोवर लेक आत गेली होती. ती चुलीतली राख परातीत घेऊन आली, सोबत ओलं फडकं. आली ती सरळ माझ्यासमोर बसली.

“दादा, हात काढा.”

मी हात काढले. माझ्या बापाने सांगितलं असतं तरी काढले नसते.

तिने फडकं राखेत बुडवून पट्टी घासायला सुरुवात केली. भांडं घासतात तशी, जोर लावून. कुंकू आणि तूप गुलाबी होऊन परातीत गळायला लागलं.

“अगं, वाण हाय ते!” विहीणबाई म्हणाल्या.

“माणूस खाली पोचू द्या, आत्या. मग वाणाचं बघू.”

“ह्ये तुला तुझ्या बापानं शिकिवलं?”

“न्हाई. त्यांना नुसतं भांडता येतं.”

दोरी धरून दाराबाहेर उभी राहिलेली माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन लेकीशेजारी बसली आणि दुसरं चाक धुवायला लागली. जावई पाटावरच होता, कपाळाला अक्षता चिकटलेल्या, हातात अनारसा. उठून फडकं घ्यावं एवढंही त्याला सुचलं नाही. असली माणसं मी लई बघितली. चाकाचं वजन बोटांवर सांगतील, आणि घरात वजन पडलं की पाटावरून हलत नाहीत.

व्याही आणि विहीणबाई त्याच संध्याकाळी बोरीला गेले. जाताना विहीणबाईंनी माझ्या बायकोकडून ओटी भरून घेतली, पण लेकीशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जावई मित्रांबरोबर गेला. सगळ्यांची चाकं काळी कुळकुळीत, याचीच पांढऱ्या काठाची. निघताना त्यातला एकजण त्याच्या चाकाकडं बघून काहीतरी इंग्रजीत बोलला आणि बाकीचे हसले. मला इंग्रजी येत नाही, पण हसणं सगळ्या भाषांत एकच असतं.

लेक त्या दिवशी काम काढून काढून करत होती. डबे पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. मोबाईल चुलीशेजारच्या फळीवर. मी ओट्यावर बसलो होतो आणि मला काळजी नव्हती. चाक मी बघितलेलं होतं. दुपारी फोन वाजला. तिने ऐकला, “बरं” म्हणाली आणि ठेवला.

“उतरले,” ती म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

सगळ्यांत शेवटी उतरला म्हणे. मित्र खाली वाट बघत बसले होते. चाकं जड आहेत असंही फोनवर बोलला. बोलू दे.

पुढचं मला लेकीने सांगितलं. खालून टेम्पोत सायकली टाकून ते परत आले, आणि जावई बोरीला आईकडं उतरला. विहीणबाई तबक घेऊन दारात आल्या. पुन्हा तूप, पुन्हा कुंकू. पोरगा घाट उतरून आला, आता तरी लावते म्हणाल्या आणि पट्टीकडं हात नेला.

तेव्हा जावयाने चाक मागं घेतलं. “नको आई, पट्टीवर नको. वर काळ्यावर लाव.”

“काळ्यावर दिसत न्हाई रं.”

“नाही दिसलं तरी चालेल.”

विहीणबाईंनी काळ्यावर लावलं. दिसलं नाही. व्याही अजून माझ्याकडं येत नाहीत, आणि मी बोलवतही नाही. जावयाने पुढं ती चाकं कुणाला तरी देऊन फुल कार्बनची घेतली आणि मला सांगितलंही नाही. पण त्या दिवशी दारात, आईसमोर, त्याने चाक मागं घेतलं. त्याच्याबद्दल बरं लिहावं असं माझ्याकडं एवढंच आहे.